जत्रेचा पिच्चर आणि पत्र्याचं सूप

केदारखेडा
शनिवार, 21 मार्च

बाई,

पाया पडते. कागदावरूनच पडते, कारण तुम्ही फोन उचलत न्हाई. तुमच्या कल्याणला लावला तर तो म्हणतो, "काकू, आई अंघोळीला गेली." दोन वर्षं झाली, एवढी अंघोळ कुणी करत न्हाई. पत्र काही कट करता येत न्हाई, म्हणून लिहून राह्यले. बद्रीनाथची जीप रोज जालन्याला जाती, त्याच्या हाती देते. फाडायचं असलं तर आधी वाचा, मंग फाडा.

आमचं बरं चाललंय. तुमचे दीर ठणठणीत हायेत, गुडघा सोडून. अंगद आन् सूनबाई वाळूजलाच हायेत, कंपनीत. आकांक्षा आमच्यापाशी ऱ्हाती. नातीनं अकरावी गाठली, रोज एसटीनं भोकरदनला कॉलेजला जाती. पाडव्याची साखरेची गाठी तुमच्या नावानं एक काढून ठेवलीय, मुंग्या लागायच्या आत या.

आता कामाचं. मारुतीच्या जत्रेचा पिच्चर ह्या साली माझ्या गळ्यात पडलाय. तुम्ही एवढी वर्षं पिच्चरच्या मशिनीपाशी बसून सूप धरलं. पिच्चर अगोदर तुम्ही बघायचा, पोराबाळांना दाखवण्यासारखा हाय का न्हाई ते सांगायचं, आन् जत्रेत पडद्यावर काही जास्त झालं की मशिनीपुढं सूप आडवं. पोरं ओरडायची, "सूप आलं, सूप आलं." तुम्ही हो म्हणल्याशिवाय एक बाई लेकरं घेऊन मैदानात येत नव्हती.

मंग मंडळाच्या पोरांनी ते डोकं लावलं. म्हणे पिच्चरला सरकारी सर्टिफिकेट असतं, त्याच्यावर वय लिहिलेलं असतं, सूप कशाला पाहिजे. तुम्ही उठलात, सूप काखेत मारलं आन् सकाळच्या गाडीनं कल्याणकडं जालन्याला. पोरांवर राग धरला तर मला पटलं असतं. माझ्यावर का, तर म्हणे दैवशाला जाऊ असून गप बसली. बाई, माझ्या तोंडात बुंदीचा लाडू होता. तो गिळून बोलायला लागले तवर तुम्ही शाळेच्या कोपऱ्यापलीकडं गेल्त्या.

तर मागच्या साली सर्टिफिकेटवर भरोसा ठेवून पिच्चर लावला. अर्ध्यातच बायका उठल्या, लेकरं काखेत घेतली आन् घरी. शेवट बघायला मंडळाची पोरं आन् गावातली कुत्री तेवढी राह्यली. आता तेच मंडळ माझ्या दारात येऊन म्हणतं, काकू, तुम्ही बघून सांगा. तुमचे दीर त्यांच्यातच बसलेले, मान हालवत.

पिच्चर कॉलेजच्या पोरींनी निवडलाय, आमची आकांक्षा सगळ्यात म्होरं. हसायचा हाय, प्रेमाचा हाय. सर्टिफिकेटवर तेरा लिहिलंय. आता आपल्या मैदानात तेराच्या आतली किती असतात ते तुम्हाला ठाऊक. मला ह्यातलं काही कळत न्हाई. तुम्ही कसं ठरवायच्या तेवढं सांगा, आन् सूप पाठवा. ते गावाचं हाय, तुमच्या माहेरचं न्हाई.

तुमची जाऊ,
दैवशाला

*

केदारखेडा
शनिवार, 28 मार्च

बाई,

बद्रीनाथ म्हणला, तुम्ही पत्र घेतलं, बोलल्या काही न्हाई, पण त्याला चहा दिला. चहा दिला म्हणजे वाचलं असणार. न वाचता तुम्ही कुणाला चहा देत न्हाई.

पिच्चर बघितला. एकदा न्हाई, दोनदा. शाळेच्या ज्योत्स्ना मॅडमनी लॅपटॉप आणला, आमच्या टीव्हीला जोडला. पहिल्या वेळेला हे होते. दुसऱ्या वेळेला हे रामनवमीला जांबला गेल्ते, तवा आम्ही बायकाच होतो, बराबर बघता आलं.

गोष्ट सांगते. पोरगा लग्नात बँडवाला, पोरगी मांडव सजवणारी. दोघांचं पटत न्हाई, आन् सुपारी मात्र दरवेळी एकाच लग्नाची मिळती. एकदा ह्याच्या ढोलाचा धक्का लागून तिचा अख्खा मांडव वऱ्हाडावर बसतो, नवरदेव खाली, भटजी खाली, तरी सनई चालूच. मी एवढी हसले की चहा नाकात गेला. शेवटी दोघांचं जमतं आन् ती त्याचा मुका घेती. ती घेती, तो न्हाई. हे मी ह्यांना दोनदा सांगितलं, तरी ह्यांचा आक्षेप तिथंच.

ह्यांचा दुसरा आक्षेप पोरीच्या चड्डीवर. म्हणे असलं बघून पोरी बिघडतील. मी म्हणलं, तुम्ही पाणी द्यायला शेतात काय घालून जाता ते आख्ख्या गावानं बघितलंय, कोण बिघडलं? मंग उपरणं तोंडावर घेतलं आन् झोपले.

ज्योत्स्ना मॅडमचा आक्षेप वेगळाच निघाला. बँडवाल्याचा एक दोस्त हाय. तो मांडववालीच्या धाकट्या बहिणीच्या मागं-मागं गाडी घेऊन फिरतो. ती न्हाई म्हणती, तरी फिरतो. त्याच्या टोळीतली पोरं तिला वहिनी, वहिनी करून चिडवतात, आन् पिच्चरवाले तिथं ढोलकी वाजवतात, म्हणजे आपण हसायचं. मॅडम म्हणल्या, "काकू, मुक्यानं लेकरं बिघडत न्हाईत. ह्यानं बिघडतात. वर्गात सातवीची पोरं असंच करून राह्यलीत." मला वाटलं, मास्तरीण बाई, हिला सगळ्यातच शिकवणी दिसती.

त्या धाकटीचं पुढं चांगलं केलंय. ती एक दिवस आईला सगळं सांगती. आई कणीक मळत असती. हात तसेच पिठाचे, उठती आन् तिच्या गाडीवर मागं जाऊन बसती, म्हणती, चल, दाखव मला कोण हाय. एवढंच. लई बोलणं न्हाई.

आकांक्षा दोन्ही वेळेला आमच्यासंगं होती. हसली लई, मांडव पडला तवा लोळली. फक्त ते गाडीवाल्याचं आलं की पाणी प्यायला उठली. उन्हाळा लागलाय, पोरीला तहान लई. दोन्ही वेळेला तिथंच लागली.

आन् जाता-जाता म्हणती, "आज्जी, बाकी कुठंबी सूप धर. ती आईला सांगती तिथं नको धरू." मी म्हणलं, का गं? म्हणती, असंच.

काल शाळेच्या भिंतीवर मशीन लावून घरचं बांबूचं सूप धरून बघितलं. फटीतनं सगळं दिसतंय. मुका चट्ट्यापट्ट्याचा दिसला, तो तर आणखीनच वाईट. तुमचं पत्र्याचंच पाहिजे. पाठवा.

तुमची,
दैवशाला

*

केदारखेडा
मंगळवार, 31 मार्च

बाई,

बद्रीनाथ म्हणला, पत्र वाचून तुम्ही त्याला एवढंच इचारलं, "पोरगी सकाळच्या कितीच्या गाडीनं जाती?" मला तवाच कळलं की तुम्हाला कळलंय. मी तहान लिहिली, पण ती तहान नव्हती, हे मला लिहितानाच ठाऊक होतं. लिहायला हात धजंना.

परवा भाकरी करताना मी तिला काही इचारलं न्हाई. नुसतं म्हणलं, पिच्चरमधल्या त्या आईला कणीक सोडून उठायची गरज न्हाई, मी असते तर परातीसकट गेले असते. पोरगी हसली, आन् हसता-हसता रडायलाच लागली.

आपल्या गावातलंच पोरगं हाय, सर्जेरावचं. नाव माऊली. आईबापानं काय नाव ठेवलं आन् पोरगं काय करून राह्यलं. दिवाळीपासून रोज एसटीत तिच्या मागच्या सीटवर बसायचा, मोबाइलवर एकच गाणं लावायचा. हात लावत न्हाई, वंगाळ बोलत न्हाई. हिनं एकदा तोंडावर न्हाई म्हणलं. तर त्याच्या टोळीतली पोरं आता स्टँडवर सगळ्यांदेखत हिला वहिनी म्हणतात, आन् बाकीचे हसतात. म्हणून ही सकाळची पहिली गाडी धरून जाती. मी आपली सगळ्यांना सांगत फिरत होते, आमच्या आकांक्षाला अभ्यासाची लई गोडी, पहिल्या गाडीनं जाती.

मी म्हणलं, मला का न्हाई सांगितलं? म्हणती, "तू आजोबांना सांगशील. आजोबा कॉलेज बंद करतील. वंदनाआत्यासारखं."

बाई, तुमच्या लेकीचं, वंदनाचं मी तुम्हाला काय सांगणार. पोरीची काही चूक नव्हती. त्या पोरानं चिठ्ठी फेकली, आन् घरात बसली आपली वंदना. तवा तुमचं ऐकलं न्हाई कुणी, तर माझं कोण ऐकणार होतं. त्या चिठ्ठीवाल्यानं पुढं शिकून नोकरी धरली, आन् वंदना नववीवरच राह्यली. तिचा संसार चांगला हाय, देव करो तसाच राहो. पण दवाखान्यातला इंग्रजी कागद अजून दुसऱ्याकडनं वाचून घेती, ते बघून माझा जीव तुटतो.

आता माझी अडचण अशी. पिच्चरला न्हाई म्हणलं तर सगळ्यांना बरं वाटंल, पोरगी पुन्हा पहिल्या गाडीनं जाईल आन् कुणी काही बोलणार न्हाई. हो म्हणलं तर आख्खं गाव त्या ढोलकीवर हसणार, पोरं शिट्ट्या मारणार, आन् आमची पोर मधोमध बसून ऐकणार. त्यातनं ह्यांच्या ध्यानात आलं तर कॉलेज गेलंच समजा. ह्यांना मी काही सांगितलं न्हाई. सांगायचं कसं ते कळंना.

मी आकांक्षालाच इचारलं. म्हणलं, तू सांग, तुझ्यापायी मी पिच्चर बंद करते. ती म्हणती, "बिलकुल नको. मी निवडलाच त्याच्यासाठी. माझ्या तोंडातनं निघत नव्हतं, मंग वाटलं, ती पिच्चरमधली सांगती ते तरी सगळे बघतील."

मंग मी पदर खोचला आन् मंडळाला हो म्हणून आले. त्यांनी इचारलं, कोणत्या वयाला चालंल? मी म्हणलं, परकरातल्यांपासून टोपीवाल्यांपर्यंत सगळ्यांना चालंल, फक्त टोपीवाल्यांना जरा संभाळून बसवा. हसले सगळे. पण मला धाकधूक हाय, बाई. तुम्ही असत्या तर बरं झालं असतं, हे खरं लिहिते.

दैवशाला

*

शुक्रवार, 3 एप्रिल

बाई,

सूप मिळालं. बद्रीनाथनं जीपच्या टपावर बांधून आणलं, सगळ्या रस्त्यानं चमकत आलं म्हणे. घासलंय किती तुम्ही, त्याच्यात तोंड दिसतंय.

आत चिठ्ठी मिळाली. "तिरपं धर, आन् पडद्याकडं बघू नको." दोन वर्षांनी बोलल्या ते एवढंच. आता पडद्याकडं बघायचं न्हाई म्हणजे पिच्चर मी बघायचाच न्हाई का? हा तुमचा राग हाय असं मी समजते. असू द्या. उद्या जत्रेचा पिच्चर.

दै.

*

केदारखेडा
सोमवार, 6 एप्रिल

बाई,

तुम्ही आम्हाला एवढी वर्षं फसवलं. बसा आता, सगळं लिहिते.

दिवस मावळला तसं मैदान भरलं. पडदा शाळेच्या भिंतीला, मशीन मधोमध टेबलावर, म्होरं लेकरं, त्यांच्या मागं बायका, आन् मशिनीच्या मागं गडीमाणसं. सगळ्यात मागं पारावर पोरांची टोळी, माऊली तिच्यातच. आकांक्षा माझ्याच बाजूला बसली होती. हे मशिनीमागं पहिल्या खुर्चीवर, गुडघ्यावर उपरणं टाकून. सूप घेऊन मी टेबलापाशी बसले तर म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुपाला वाजवल्या, मला न्हाई.

मांडव पडला तवा मैदान उलटंपालटं झालं. तुळजाबाई हसता-हसता शेजारणीच्या मांडीवर आडवी. लेकरांना ते एवढं आवडलं की आज गल्लीत सगळी मांडव पाडूनच खेळून राह्यलीत.

मंग ते गाडीवाल्याचं आलं. ढोलकी सुरू झाली, आन् मागनं पारावरनं शिट्टी आली. एक, मंग दुसरी. कुणीतरी मोठ्यानं म्हणलं, "वहिनी." पडद्यावर न्हाई, मैदानात. आकांक्षानं माझा पदर मुठीत धरला. मी काही ठरवलेलं नव्हतं, बाई, खरं सांगते. माझ्या हातानं आपोआप सूप उचललं आन् मशिनीपुढं धरलं, तुम्ही लिहिलं तसं, जरासं तिरपं.

पडदा काळा झाला. आन् मशिनीचा सगळा उजेड सुपावरनं उलटा फिरला आन् मागं पारावर जाऊन पडला.

मी बघतच राह्यले. एकेकाचं तोंड दिवसासारखं दिसत होतं. माऊली मधोमध, दोन बोटं तोंडात, शिट्टी अर्धी. पडद्यावर काही न्हाई म्हणल्यावर सगळ्या गावानं माना मागं फिरवल्या. ढोलकी चालूच होती. त्या ढोलकीवर आख्खं गाव त्या पोराकडं बघत होतं आन् त्याला बोटं काढायची सुधरंना. मी सूप खाली घेतलं न्हाई. तो गाडीवाला पडद्यावर जवर फिरत होता, तवर धरून ठेवलं. हात भरून आले तरी धरलं. मंग माझ्या बाजूनं हसू आलं. बघते तर आकांक्षा. आधी जरासं, मंग पोट धरून. तिच्या मागं कॉलेजच्या पोरी, मंग बायका, मंग सगळं मैदान. ढोलकी संपली तवर पारावर बसायला कुणी शिल्लक नव्हतं.

ती आईला सांगती तिथं मी सूप मांडीवर ठेवलं. आन् तुमची चिठ्ठी आठवली म्हणून पडद्याकडं बघितलं न्हाई, माणसांकडं बघितलं. तुमचे दीर उपरण्यानं डोळे पुसत होते. मी बघतेय हे दिसलं तसं गुडघा पुसायला लागले.

शेवटी मुका आला. लेकरं उभी राहून ओरडली, "सूप, सूप." मी सूप उचललंच न्हाई. ह्यांनी खोकून बघितलं, मी ऐकलं न्हाई. लेकरांनी मुका बघितला, ई केलं आन् घरी जाऊन झोपली. तेवढ्यानं काही बिघडत न्हाई, ज्योत्स्ना मॅडम म्हणतात तेच खरं. मास्तरीण हाय, पण बराबर मास्तरीण हाय.

आता आज सकाळचं सांगते. काल दिवसभर हे घरात गप होते. मैदानात वहिनी कोण म्हणलं ते आकांक्षानं ओळखलं होतं, ह्यांनीबी ओळखलं होतं. मला वाटलं, आता बोलतील, आता कॉलेज बंद म्हणतील. रात्री मीच सगळं सांगून टाकलं, तोंडात काही नसताना. ऐकून घेतलं आन् भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. माझा डोळा लागला न्हाई.

सकाळी आकांक्षा पहिल्या गाडीसाठी अंधारातच उठली. परीक्षा चालू हाय. बघती तर आजोबा टोपी घालून, चहा पिऊन ओट्यावर बसलेले. ती दारातच थांबली. हे म्हणले, "एवढ्या पहाटं कुठं चालली? तुझा पेपर अकराला हाय ना? आठच्या गाडीनं जा, सगळे जातात तशी." मंग म्हणले, "मी सर्जेरावकडं जाऊन आलोय. त्याचं पोरगं आता पहिल्या गाडीनं जाईल. झोप मोडायची तर त्याची मोडू दे." आन् उठून म्हैस सोडायला गेले.

पोरगी परत अंथरुणात शिरली, बाई. चांगली उजाडेपर्यंत झोपली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. मी कणीक मळून राह्यले होते, हात तसेच ठेवून तिच्याकडं बघत बसले. मला लई बरं वाटलं.

मंग बसल्या-बसल्या एक ध्यानात आलं. पहिल्यांदा तुम्हीबी बांबूचंच सूप धरायच्या. वंदनाची शाळा सुटली त्याच्या दुसऱ्या जत्रेला तुम्ही पत्र्याचं आणलं. आम्ही म्हणलं, थोरल्या बाईला शौक आलाय. तुम्ही काही सांगितलं न्हाई. लेकरांना वाटायचं तुम्ही पिच्चर झाकताय. तुम्ही उजेड पाडून मागच्यांची तोंडं बघायच्या, मागं कोण हसतंय, म्होरं कोणती पोर मान खाली घालतीय. आन् जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुणाच्या ना कुणाच्या दारात जाऊन बसायच्या, भाजी मागायचं निमित्त काढून. आपल्या घरी एवढी भाजी होती आन् तुम्ही मागत फिरायच्या, मला त्याचा राग यायचा.

आज संध्याकाळी मीबी तुळजाबाईकडं जाणार हाय, थोडी मेथी मागायला. तिची धाकटी परवा हसली न्हाई.

सूप मी परत पाठवत न्हाई. ते चुलीच्या वर खिळ्याला टांगलंय, गाठीच्या शेजारी. गाठीला मुंग्या लागल्यात. सुपाची आठवण आली तर स्वतः येऊन घ्या. बद्रीनाथला सांगून ठेवलंय, म्होरची सीट तुमची.

आन् येताना वंदनाला घेऊन या. आकांक्षा म्हणती, सुट्टीत तिला तिच्या आत्यासंगं बसायचंय, रोज थोडं थोडं इंग्रजी वाचायला.

तुमचीच,
दैवशाला